नसलेल्या मुलखाची मोजणी

मराठीतील ‘नकाशा’ आणि ‘नक्षी’ हे दोन शब्द एकाच अरबी मुळाचे असून ते फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. एक कचेरीत गेला, दप्तरात बसला, त्याच्यावर सही-शिक्का उमटला. दुसरा लुगड्याच्या काठावर, देवळाच्या खांबावर आणि पितळी डब्याच्या झाकणावर राहिला. नकाशाने खरे बोलावे अशी आपली अपेक्षा असते; नक्षीने डोळ्यांना सुख दिले की पुरे. मग जो मुलूख पृथ्वीच्या पाठीवर कोठेच नाही, त्याचा कोणी नकाशा काढू लागला तर त्याला काय म्हणावे? गेली दोन वर्षे मी अशा एका मुलखाच्या कागदावर बसलो आहे. तो मुलूख माझा नाही, माझ्या मुलीचा आहे. ती हिंदीत एक अद्‌भुतरम्य कादंबरी लिहीत आहे आणि तिच्या भूगोलाची जबाबदारी तिने माझ्यावर टाकली आहे.

ही जबाबदारी एका निवृत्त मराठी प्राध्यापकावर का यावी, याचे कारण आमच्या घरात आहे. माझे वडील भूकरमापक होते. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली लोखंडी साखळी हे आमच्या घरातील पहिले वाद्य. ती अंगणात टाकली म्हणजे होणारा आवाज मला अजून ओळखू येईल. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झाले. वडिलांचा एक नेम असे. कोणत्याही गावी मोजणीला गेले म्हणजे साखळी पेटीतून काढण्याआधी ते गावाच्या शिवेवरून एक फेरी मारीत. शिवेचे दगड कोठे आहेत, ओढा कोणत्या अंगाने येतो, बांध कोणी कोरला आहे, हे पायांनी पाहून घ्यावे आणि मग कागदाला हात लावावा, असा त्यांचा रिवाज होता. ते म्हणत, कागद पुढून भरला तर जमीन मागे राहते.

मुलीने आणलेला पहिला कागद असा पुढून भरलेलाच होता. वरच्या बाजूला बर्फाच्छादित पर्वतांची ओळ, प्रत्येक पर्वत म्हणजे एक टोकदार त्रिकोण, डावीकडे समुद्र, मध्ये एक घनदाट अरण्य, आणि या सर्वांतून वाहणारी एक नदी, जी मध्येच दोन फाट्यांनी फुटून दोन वेगळ्या समुद्रांना मिळत होती. या नदीचे पाणी प्यायलेल्या माणसाला आपल्या गावाचे नाव आठवत नाही, ही तिच्या कथेतली मुख्य कल्पना. कल्पना मला आवडली. नदी आवडली नाही. नद्या एकमेकींना मिळतात, सहसा एकमेकींपासून सुटत नाहीत. पाण्याला उताराची एकच वाट सर्वांत सोयीची असते. समुद्राजवळ गाळ साचून गोदावरीला गौतमी आणि वसिष्ठा असे फाटे फुटतात, श्रीरंगमपाशी कावेरीपासून कोळ्ळिडम वेगळी होते. आणि दक्षिण अमेरिकेत कासिकियारे नावाचा एक प्रवाह ओरिनोकोचे पाणी थेट ॲमेझॉनच्या खोऱ्यात नेतो, हेही खरे. परंतु कासिकियारे जगात प्रसिद्ध आहे ती असे सहसा घडत नाही म्हणूनच. कथेत एक अशी नदी चालेल, पण मग त्या मुलखातील लोकांना तिचे नवल वाटले पाहिजे, तिच्या फाट्यावर देऊळ पाहिजे, भांडण पाहिजे. मुलगी म्हणाली, “बाबा, ही जादूची दुनिया आहे.” मी म्हणालो, “जादू तुझ्या पाण्यात असू दे. उतार मात्र खरा ठेव.”

पर्वतांच्या त्रिकोणांवरून आमचा दुसरा वाद झाला. तो त्रिकोण आल्प्सचा आहे. हिमालयाचाही असेल. पण ज्याने दख्खन पाहिले आहे त्याच्या डोळ्यांसमोर डोंगर म्हटले की वेगळी आकृती येते: माथा पाटासारखा सपाट, खाली उभा कातळकडा, मग गवताचा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले आणि नंतर पाण्याने ते कापले, त्यामुळे आमचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे झाले. शिवकालीन किल्ल्यांचे सारे शास्त्र या सपाट माथ्यावर आणि उभ्या कड्यावर उभे आहे. टोकदार शिखरावर वस्ती, टाकी आणि दाणागोटा कोठे ठेवणार? तिच्या कथेतले एक राज्य डोंगरावर होते. मी विचारले, त्या राज्यातील लोक पाणी कोठून भरतात? दुसऱ्या दिवशी तिने तीन त्रिकोणांची टोके रबराने पुसली.

सर्वांत जास्त वेळ आम्ही पावसावर घालवला, आणि मला वाटते तो योग्य जागी गेला. युरोपीय अद्‌भुतकथांचे जे नकाशे आपण पाहिले आहेत, त्यांत थंडी आहे, बर्फ आहे, धुके आहे. पाऊस हा बाराही महिने अधूनमधून पडणारा आहे. तेथील प्रवासी हिवाळ्याला भितात. आपल्याकडे प्रवास थांबतो तो पावसाळ्यात. चातुर्मासात संन्याशानेही एके ठिकाणी राहावे असा दंडक आहे, सैन्ये दसऱ्याला सीमोल्लंघन करतात, आणि दूरदेशी गेलेला पती आषाढाच्या आत परतावा म्हणून संस्कृत-प्राकृत काव्यातील नायिका दारात उभी असते. ज्या मुलखात नैऋत्येकडून पाऊस येतो तेथे कथेचे वेळापत्रकही ठरून जाते. कोणता राजा कोणत्या महिन्यात स्वारीवर निघेल, निरोप किती दिवसांत पोहोचेल, नदीला उतार केव्हा मिळेल, हे सारे एका बाणावर अवलंबून असते. तो बाण वाऱ्याचा. म्हणून आम्ही तिच्या कागदावर गावांच्या आधी वारा काढला.

वारा काढला की डोंगराच्या पाठीमागे काय होते ते आपोआप ठरते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे निघालेला माणूस एका दिवसाच्या मोटारप्रवासात माणदेशात पोहोचतो. तेथे पाचशे मिलिमीटर पडला तरी वर्ष बरे गेले असे लोक म्हणतात. एका बाजूला भात, नाचणी आणि छपरांना उतार. दुसऱ्या बाजूला बाजरी, मेंढरे आणि धाब्याची सपाट घरे. हे अंतर एखाद्या कादंबरीकाराने कल्पिले असते तर टीकाकारांनी ते अविश्वसनीय ठरवले असते. कृष्णेचेही तसेच. ती उगम पावते तेथून अरबी समुद्र सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटरांवर आहे. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवून सुमारे चौदाशे किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. तिच्याच शेजारी महाबळेश्वराच्या माथ्यावर उगवलेली सावित्री मात्र पश्चिमेचा कडा उतरून कोकणात जाते. तेथे एकाच देवळात दोघींचे उगम पुजले जातात. पडलेला थेंब कड्याच्या कोणत्या बाजूला पडला, एवढ्यावर तो कोणत्या समुद्राचा हे ठरते. मी हे सांगितले तेव्हा मुलीने आपली दोन फाट्यांची नदी मुकाट्याने खोडली आणि तिच्या जागी एका पठारावरून विरुद्ध दिशांना उतरणाऱ्या दोन नद्या काढल्या. एकीचे पाणी विसरायला लावते. दुसरीचे काय करते ते तिने अजून मला सांगितलेले नाही.

या प्रसंगी मेघदूताची आठवण होणे अटळ होते. रामगिरीवरून अलकेला जाणारा तो मार्ग म्हणजे खऱ्या आणि कल्पित भूगोलाची एकच शिवण आहे. रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, हे मत वा. वि. मिराशींनी हिरिरीने मांडले. विदिशा, उज्जयिनी, क्षिप्रा ही तर आजही जाऊन पाहता येतात. उज्जयिनीसाठी मेघाने वाट वाकडी करावी असे यक्ष सांगतो, म्हणजे कवीला सरळ वाट कोणती हे ठाऊक होते. आणि या सगळ्या पाहता येण्याजोग्या गावांच्या शेवटी जी नगरी आहे, ती कोणालाच दिसलेली नाही. मधली गावे इतकी खरी आहेत की शेवटचे खोटे वाटत नाही. वाहनही मोसमी वाऱ्याचा ढग! आपल्या साहित्यात कल्पित देशाचा याहून चोख मार्गनकाशा मला माहीत नाही, आणि त्यात एकही रेघ काढलेली नाही.

पाश्चात्त्यांनी रेघा काढल्या. स्टीव्हन्सनने १८८१ साली स्कॉटलंडमध्ये ब्रेमार येथे, सावत्र मुलाच्या संगतीत एका बेटाचा नकाशा रंगवला आणि त्या नकाशातून ‘ट्रेझर आयलंड’ उगवली. पुढे पुस्तक छापावयाच्या वेळी तो मूळ नकाशाच हरवला. मग कादंबरीत आलेले सारे उल्लेख वेचून, त्यांना जुळेल असा दुसरा नकाशा त्याला तयार करावा लागला. तो नेटका झाला, पण लेखकाला तो आपल्या बेटाचा कधीच वाटला नाही, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. टोल्किनही आधी नकाशा आणि मग त्यात बसणारी कथा या मताचा होता. १९५४ साली त्याचा ग्रंथ निघू लागला तेव्हा त्यातील नकाशे त्याच्या मुलाने, ख्रिस्तोफरने, काढले होते. आमच्या घरात हे उलटे झाले, लेखिका मुलगी आणि नकाशा बापाचा. फॉकनरने १९३६ साली ‘ॲब्सलॉम, ॲब्सलॉम!’ या कादंबरीला आपल्या कल्पित परगण्याचा नकाशा जोडला आणि त्यावर आपण त्या भूमीचे एकमेव मालक असल्याचे नोंदवले. सातबाराच्या उताऱ्यावर नाव लागावे तसेच हे; फक्त तलाठ्याकडे जावे लागले नाही. आपल्याकडे आर. के. नारायण यांनी मालगुडी वर्षानुवर्षे रस्त्या-रस्त्याने वाढवली, आणि जेम्स फेनेली या अभ्यासकाने कथांतील उल्लेख जुळवून तिचा नकाशा पुढे तयार केला. सरयू नदी आणि मेंपी डोंगर यांना कागदावर दिशा मिळाली. मला नकाशाशिवायची मालगुडी अधिक प्रशस्त वाटते, पण हा कदाचित माझा पूर्वग्रह असेल.

आपल्या परंपरेत कल्पित भूगोल नव्हता असे नाही, उलट तो इतका होता की खऱ्याला जागा मिळणे कठीण झाले होते. पुराणांतील जंबुद्वीप एक लक्ष योजने. त्याच्याभोवती खाऱ्या पाण्याचा समुद्र. मग प्लक्ष, शाल्मली, कुश, क्रौंच, शाक आणि पुष्कर अशी एकाभोवती एक कड्यांसारखी द्वीपे, प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट. मध्ये ऊस, मद्य, तूप, दही, दूध यांचे समुद्र. जैनांनी अशीच आपली अढाई द्वीपांची रचना कापडावर रंगवली, आणि त्या पटांइतकी देखणी चित्रे नकाशाच्या इतिहासात थोडी असतील. दुसरीकडे सिद्धांतकार ज्योतिष्यांनी पृथ्वी गोल मानली व तिच्यावर चार नगरे कल्पिली: विषुववृत्तावर उज्जयिनीच्या रेखावृत्तावर लंका, तिच्यापासून नव्वद अंश पूर्वेला यमकोटी, तितकेच पश्चिमेला रोमक, आणि बरोबर पाठीमागे सिद्धपूर. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘सिद्धांतशिरोमणी’तही ती आहेत. ही नगरेही कोणी पाहिलेली नव्हती. पण ती गणितासाठी हवी होती. पुराणाचा नकाशा अर्थासाठी, सिद्धांताचा हिशेबासाठी, आणि दोन्हींत नसलेली गावे! एकोणिसाव्या शतकात या दोन भूगोलांचे भांडण जुंपले तेव्हा त्यातील एक महत्त्वाचे पुस्तक मराठीत लिहिले गेले, तेही महाराष्ट्राबाहेर: सिहोर येथील सुबाजी बापूंचा ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’, १८३६. मराठी वाङ्‌मयाच्या इतिहासात त्याला सहसा जागा मिळत नाही. मिळावयास हवी.

परंतु माझ्या कामाला सर्वांत उपयोगी पडली ती महानुभावांची ‘स्थानपोथी’. चक्रधरस्वामी जेथे जेथे गेले, बसले, निजले, जेवले, त्या जागांची ही नोंद आहे. गावाच्या कोणत्या अंगाला देऊळ, त्याचे दार कोणत्या दिशेला, त्यापासून मठ कोठे, मधली वाट कशी, असे एकामागून एक सांगत जाणारे कोरडे गद्य. त्यात नटवेपणा नाही. स्वामी निघून गेल्यावर उरलेल्या शिष्यांनी केवळ जागा धरून ठेवल्या. वर्गात ती शिकवताना विद्यार्थी कंटाळत असत, आणि मला त्यांचे चुकले असे कधी वाटले नाही. त्या गद्याची किंमत काहीतरी गमावल्यावाचून कळत नाही. मुलीला मी सांगितले की आधी अशी एक पोथी लिही. राजवाडा, वेस, पार, पाणवठा, स्मशान यांच्या दिशा आणि अंतरे लिहून काढ. रेघा मी मारीन. तिने चाळीस पाने लिहिली. त्या चाळीस पानांत कथा अशी एकही नव्हती, पण मुलूख होता.

अडचण आली ती शब्दांची. तिची मराठी घरातली आहे, ऐकलेली; लिहिण्याची भाषा हिंदी. मी एका जागी ‘घाट’ असे लिहून दिले, तर तिने तेथे नदी नसतानाही सुंदर दगडी पायऱ्या काढल्या. मराठीत घाट पायऱ्यांचाही असतो, वाईला आणि नाशिकला जाऊन पाहावे. पण देशावरून कोकणात उतरणारी वाटही घाटच, आणि त्या अर्थाने अख्खा पर्वत इंग्रजीत ‘घाट्स’ झाला. ‘ओढा’ लिहिला तेव्हा तिने ‘नाला’ केला. शब्द चुकीचा नाही. पण दिल्लीत वाढलेल्या माणसाच्या नाकाला नाला म्हटल्यावर जे आठवते, ते ओढ्यात नाही. ओढ्यात वाळू असते, खेकडे असतात, उन्हाळ्यात पोरांनी उकरलेले झिरे असतात. ‘खिंड’ला ‘दर्रा’ चालला. ‘माळ’ला काहीच चालले नाही. ‘शिवार’ आणि ‘शीव’ यांतला फरक समजावताना मला माझ्याच भाषेचा थोडा गर्व झाला, हे कबूल करतो. आणि ‘काळी-पांढरी’ हे तर तिला इतके आवडले की तिने ते जसेच्या तसे घेतले: कसण्याची जमीन ती काळी, राहण्याची ती पांढरी. दोन रंगांत गाव पुरा झाला. उलट काही ठिकाणी हिंदीनेच वाट दाखवली. आपल्याकडे जोडगावांना खुर्द आणि बुद्रुक म्हणतात, उत्तरेत खुर्द आणि कलाँ. दोन्हीकडचे खुर्द फारसीतले, धाकटे. आपले बुद्रुक हेही ‘बुजुर्ग’च, खेड्यातल्या तोंडात घासून गुळगुळीत झालेले. तिच्या मुलखात आता एकाच नदीच्या वरच्या अंगाला बुद्रुके आहेत आणि खालच्या अंगाला कलाँ, आणि कोठे भाषा बदलते ते नावे वाचूनच कळते. सीमारेषा काढावी लागली नाही.

हल्ली असे नकाशे क्षणात तयार करून देणारी संगणकीय साधने आहेत. मुलीने मला एक दाखवले. कळ दाबली की किनारा, दुसऱ्यांदा दाबली की नद्या, तिसऱ्यांदा गावे, नावांसकट. नद्या उतारानेच वाहत होत्या, त्यात खोड काढण्यासारखे काही नव्हते. मी विचारले, या दोन गावांत आठवडी बाजार कोणत्या गावाला? बैलगाडी दिवसाला आठ-दहा कोस चालते, तेव्हा बाजारापासून इतक्या लांब गाव वसलेच कसे? त्या साधनाला हे विचारणे अन्यायाचे आहे, हे मला समजते. पण मुलखाचा नकाशा म्हणजे अखेर अशा प्रश्नांची उत्तरेच ना?

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येतो. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या पाण्याखाली जी गावे गेली त्यांत आमचेही होते. उन्हाळ्यात पाणी फार उतरले म्हणजे पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि वर्तमानपत्रांत त्याचे छायाचित्र छापून येते. आमच्या गावाला असे वर येण्याजोगे काही नव्हते. मातीची घरे होती, ती मातीत मिळाली. संपादनासाठी गावाची मोजणी झाली ती दुसऱ्या भूकरमापकाने केली. वडील रजा काढून गावी आले होते आणि त्यांनी साखळीचे एक टोक धरले होते. मी तेव्हा शाळेत होतो. ते त्या दिवशी साखळी नेहमीपेक्षा ताठ धरीत होते, एवढेच मला आठवते. नंतर त्यांनी गावनकाशाची एक प्रत ट्रेसिंगच्या कापडावर स्वतः उतरवून घेतली. ती माझ्याकडे आहे. शीव, सर्व्हे नंबर, ओढा, पाणंद, पांढरी, आणि विहिरींची लहान वर्तुळे. तिच्यावरची प्रत्येक रेघ मोजून काढलेली आहे, आणि त्यांपैकी एकही आज कोणाला चालून दाखवता येणार नाही. अधिकृत मोजणीचा असूनही तो नसलेल्या मुलखाचाच नकाशा झाला आहे.

मुलीला तो तिच्या जगात हवा होता. विसरायला लावणाऱ्या नदीच्या काठी. मी नकार दिला, आणि मला माझी बाजू आजही कळते. तिच्या नदीमुळे माणसे गाव विसरतात. आमच्या नदीने गाव नेले आणि माणसे विसरली नाहीत. पुनर्वसनाच्या गावठाणात जाऊन चाळीस वर्षे झाली तरी लग्नपत्रिकेत जुन्याच गावाचे नाव घालीत. ज्याच्यावर घरे गेली, भावकी विखुरली, त्याला तिलिस्माच्या कथेत शोभेसाठी बसवणे मला बरे वाटेना. नक्षी करू नको, असे काहीसे मी बोललो. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बाबा, ज्यांना आठवतं ते सगळे गेले की मग?”

याला उत्तर नव्हते. वडील गेले. आत्या गेल्या. त्या गावात पावले उमटलेली जी माणसे आमच्या घराण्यात उरली आहेत त्यांत मी धाकटा, आणि मीही आता सत्तरीकडे झुकलो आहे. मी कपाटातून कापड काढून टेबलावर पसरले.

पुढची अडचण प्रमाणाची निघाली. तिच्या नकाशात एका इंचाला दहा कोस. त्या प्रमाणात आमचे गाव पेन्सिलीच्या टोकाखाली झाकले जाते. ठिपका काढला तरी तो गावापेक्षा मोठा. ठिपक्याला शीव नसते. तेव्हा कागदाच्या आग्नेय कोपऱ्यात चार इंचांची एक चौकट आखून तीत केवळ हे एक गाव मोठ्या प्रमाणात घ्यावयाचे ठरले. साऱ्या मुलखात राजधान्यांनाही असा मान मिळालेला नाही. कथेत याचे कारण तिला द्यावे लागेल आणि ती म्हणते की ते तिला सापडले आहे. चौकटीत गावाचे नाव घालावयाचे नाही, ही माझी अट. नदी नाव विसरायला लावते ना, मग नाव विसरलेलेच बरे. बाकी सर्व मात्र असावे. पाणी दाखवावयाचे की नाही यावर एक आठवडा गेला. शेवटी निळा रंग दिला नाही.

शीव आणि सर्व्हे नंबर मी उतरवून दिले. विहिरींची वर्तुळे सोळा होती. नंबर होते, नावे नव्हती. वडिलांना ती लिहिण्याची गरज वाटली नसणार. मी पुण्याला तात्यांना फोन केला. तात्या माझे चुलते, नव्वदीच्या घरात, ऐकू कमी येते. मुलीने फोन माझ्या हातातून घेतला आणि ओरडून विचारले, “तात्याआजोबा, ओढ्याच्या वरच्या अंगाला पहिली विहीर कोणाची?” तेथून तासभर ते बोलत राहिले. पिंपळाची, मळईतली, सासूची, खारी, गोसाव्याची, दोन मोटांची. कोणत्या विहिरीवर कोणाचे भांडण होते, कोणती उन्हाळ्यात आटे, कोणतीत कोणी जीव दिला. मुलगी हिंदीत लिहून घेत होती, पण ‘मळई’ला तिने ‘मलई’ केले नाही. ‘पिंपळ’मधला ळही तसाच ठेवला. छापताना हिंदी मुद्रक तो बदलतील, असे मी म्हटले. ती म्हणाली की मुद्रिते ती स्वतः तपासणार आहे.

सोळांपैकी चौदांची नावे लागली. उरलेल्या दोन ओढ्यापलीकडच्या, तात्यांचे तिकडे जाणे नव्हते. त्यांच्या जागी नुसती वर्तुळे ठेवली आहेत.